गोधडीची मधली जागा

बायका साडी घेऊन दुकानात जातात आणि ब्लाउजपीस जुळवतात. माझ्या सासूबाई, ठकूबाई जगदाळे, चिंध्यांची पिशवी घेऊन शेतात जायच्या आणि जमिनीशी कापड जुळवायच्या. चिंधी मातीवर टाकायची, दोन पावलं मागं सरायचं, डोळे बारीक करायचे.

"अंहं. उन्हात पिवळं पडतंय."

मग दुसरी चिंधी.

सासरे फौजेत सुभेदार होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली. प्रत्येक ठिकाणाचं एक ठिगळ सासूबाईंच्या एकाच गोधडीत होतं, आणि कापड घरातल्याच कुणीतरी अंगावर वापरून विरलेलं हवं, हा त्यांचा नियम. देवळालीचं तांबूस. जैसलमेरचं, संध्याकाळी पाचच्या वाळूसारखं. ("सहाला ती वेगळी असते, केतकी.") तेजपूरच्या चहामळ्याचं हिरवं, चैतन्यच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, लहानपणच्या सदऱ्यातून काढलेलं. आणि लडाखचं राखाडी, सासऱ्यांच्या फ्लॅनेलच्या शर्टाचं. त्यावर काळ्या दोऱ्याच्या दोन आडव्या रेघा.

"हा दगडाचा रंग?" मी विचारलं होतं.

"दगडाचा कुठला. एका उन्हाळ्यात दोन महिने परवानगी मिळाली होती आम्हाला तिथं राहायची. तळ्यावर बदकासारखे मोठे पक्षी होते, पिल्लं घेऊन. त्यांच्या पाठीचा आहे हा. डोक्यावर अशा दोन पट्ट्या, काजळाचं बोट ओढल्यासारख्या. मी जवानाला विचारलं, थंडीत हे कुठं जातात? तो म्हणाला, नीचे, मैदान में. म्हटलं, मैदान में कहाँ? म्हणे, वो तो इन्हीं को पता."

गोधडीचे टाके काठापासून निघतात आणि चौकोनी फेऱ्या घेत आत आत जातात. मधली जागा शेवटी भरते. सासऱ्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही सगळे गुडगावला आलो; ती हातभर जागा गुडगावसाठी ठेवलेली होती, आणि तीन वर्षं तशीच होती.

कारण ठिगळ लागल्याशिवाय सासूबाई त्या जागी रुळल्या असं घरात कुणी धरत नसे. ट्रंकासुद्धा तोवर सोडायच्या नाहीत. आमच्या नव्याकोऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सासऱ्यांचं नाव रंगवलेल्या पाच काळ्या ट्रंका अजून सुतळीत बांधलेल्या होत्या.

नव्याण्णवच्या जानेवारीत सासऱ्यांनी जेवताना जाहीर केलं. "ब्रोकर मागे लागलाय. रविवारी त्याला उत्तर देतो. विकू आणि गावी, खटावला जाऊ. हिला इथं करमत नसेल तर मी काय काँक्रीटला पहारा देत बसू?"

"मी कधी म्हटलं करमत नाही?"

"तोंडानं नाही म्हटलंस. मधली जागा म्हणतेय."

सासूबाईंनी भाकरी मोडली.

मला त्या जायला नको होत्या. मी राजधानीत, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, माझं मराठी अर्धं हिंदी. विरणं, उसवणं, फाटक्या साडीला दांड घालणं हे शब्द मला सासूबाईंनी दिले. म्हणून मी रंग शोधायला लागले. हायवेवर निळ्या काचांच्या इमारती उभ्या राहत होत्या. "आई, हा निळा बिल्कुल गुडगावचा."

"तो आभाळाचा आहे गं. काचेला स्वतःचं काय?"

बुधवारी मी त्यांना ट्रेननं पानिपतला नेलं. तिथं परदेशातून आलेले जुने कपडे गोदामात रंगानुसार वेगळे करून ठेवतात. दारातच आम्ही थांबलो. लाल कपड्यांचा डोंगर, त्यामागं हिरव्याचा, छपराला टेकलेला निळ्याचा. पायथ्याशी बायका बसून बटणं कापत होत्या. सासूबाई बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या. मग एका निळ्या बाहीवरून हात फिरवला.

"कुणाकुणाच्या अंगावरचं असेल."

"घ्यायचं?"

"माझ्या माणसाचा घाम नाही याला. आणि आधी कापड घेऊन मग जमीन शोधायची, असं कुठं असतं का?"

रिकाम्या हातांनी परत आलो. गुरुवार, शुक्रवार धुकं होतं. शनिवारी सकाळी सातला त्यांनीच मला उठवलं. "चल. सेक्टरच्या मागं गव्हापर्यंत जाऊन येऊ. शेवटचं."

शेवटचं म्हणाल्या, तेव्हा मी शाल घेतली.

आमच्या सेक्टरचा रस्ता एका जागी डांबर संपून थेट शेतात उतरायचा. धुक्यात तो बांध आणि आम्ही दोघी, बाकी काही नाही. सासूबाईंनी पिशवीतून एक हिरवट चिंधी काढली, आणि थबकल्या. समोरून आवाज येत होता. नाकातून काढल्यासारखा, घोगरा, खूप जणांचा एकदम. जणू धुक्याच्या पलीकडं मोठी पंगत बसली होती.

"माणसं आहेत?" मी कुजबुजले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

धुकं जरासं उचललं. कोवळ्या गव्हात पक्षी होते. पन्नास, शंभर, मागं अजून. राखाडी पाठी, नारिंगी पाय, खाली माना घालून चरणारे. एकानं मान वर केली. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या.

सासूबाई ओल्या बांधावर खाली बसल्या.

"केतकी, हे तेच."

"कोण?"

"तळ्यावरचे. पिल्लं होती बघ ज्यांची." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अगं, तिथं चालताना दहा पावलांवर धाप लागायची मला. वरती तर नुसता बर्फ, भिंतीसारखा. हे त्याच्यावरून आले? पंखांवर? इथं, आपल्या मागच्या दारी?"

मी तीन वर्षं रोज बाल्कनीतून याच शेतावर ओले टॉवेल झटकत होते.

शेताचा मालक, घोंगडी पांघरलेला म्हातारा, हातातली काठी तशीच धरून आमच्याजवळ आला. पक्ष्यांना हाकलायची त्याला घाई दिसली नाही.

"हर साल आवैं सैं, ताई. म्हारे दादा के टैम तै."

"गेहूँ खा जाते हैं?" मी विचारलं.

"खावैं सैं. खाण दे. दूर तै आए सैं." मग काठीनं सेक्टरकडं दाखवलं. "जमीन तो बिक ली. अगले साल मकान बणैंगे."

"तो ये कहाँ उतरेंगे?" सासूबाईंनी विचारलं.

"आगे नै कोए खेत देख लेंगे."

सासूबाईंनी चिंध्यांची पिशवी माझ्याकडं दिली. ऊन येईपर्यंत त्या तिथंच बसल्या, आणि मग सगळे एकदम उठले. पंखांचा तो आवाज मी ऐकला नाही, मला छातीत जाणवला. त्यांच्या खाली सासूबाई मान मागं टाकून बघत होत्या, पदर खांद्यावरून निसटलेला, तोंड उघडं.

घरी आल्या त्या थेट बाल्कनीत. सुरीनं पहिल्या ट्रंकेची सुतळी कापली. सासरे पेपर घेऊन दारात आले. सासूबाईंनी फ्लॅनेलच्या शर्टाची उरलेली बाही काढली.

"ते लडाखचं झालंय," सासरे म्हणाले. "तो रंग लागलाय एकदा."

"लागू दे. तोच इथला आहे."

"असं कसं?"

"उद्या सकाळी सातला चला, दाखवते. आता इकडं बसा आणि हे कोपरे ताणून धरा. गुडघे ठेवा त्याच्यावर."

रविवारी सकाळी सासरे शेतावर जाऊन आले. नेहमीसारखा चहा गार का म्हणूनही विचारलं नाही. स्वतःच गोधडीच्या कोपऱ्यांवर गुडघे ठेवून बसले. अकराला फोन वाजला.

"बाबा, ब्रोकर."

"मी उठू शकत नाही. बघतेस ना?"

"काय सांगू?"

त्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. त्या सुईच्या नेढ्यात काळा दोरा ओवत होत्या, पहिल्या पट्टीसाठी.

"सांग त्याला," सासरे म्हणाले, "ट्रंका सोडल्यात."