ओहोटीला काढलेली होडी

दाबिबी माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. आमच्या ओपुकिरी गावातला पहिला पेट्रोलियम इंजिनियर. त्याला शिकवलं त्याच्या आईनं, तिवरांच्या मुळांवरची कालवं काढून काढून. तिच्या बोटांवरच्या चिरा कधी भरल्याच नाहीत. ती गेली तेव्हा हा समुद्रातल्या तेलविहिरीवर होता. कंपनीनं सोडलं नाही.

कंपनीत त्यानं उभी जवानी घातली. ज्या गोऱ्या पोरांना हा काम शिकवायचा, तीच पुढच्या वर्षी याचे साहेब होऊन यायची. शेवटी संतापून बाहेर पडला आणि पोर्ट हारकोर्ट शहरात स्वतःची कंपनी काढली. धंदा सांडलेलं तेल साफ करण्याचा. मी म्हटलं, चला, घाण कुठे मुरते हे याला कळतं. कळत होतंच. ती कशी झाकायची हेही कळत होतं.

आमच्याच खाडीकाठी तेलाची नळी फुटली आणि काम दाबिबीला मिळालं. त्यानं वरवर चिखल खरवडला, वाळू पसरली, तिवरांची रोपं लावून फोटो काढले. रोपं काळी पडली. कालवं तर संपलीच.

मग आमच्या या दाबिबीसाहेबांना गावचा मुखिया व्हायची हौस आली. आमच्यात त्यासाठी माणसानं वल्हेकऱ्यांनी होडी भरून दाखवायची असते. घाट आपला, वल्ह्यांवर आपलीच माणसं, अनवाणी. मालकानं पुढच्या टोकावर बसायचं. होडी पलीकडे राजासमोर पोचली, की तो मुखिया. माणसं वाटेत उतरली, तर मुखियापद पुन्हा मागायची सोय नाही.

तो माझ्याकडे आला.

"आत्या, पोरांना सांग ना. तुझा शब्द मोडणार नाहीत."

"तू सांग की."

"माझ्याशी बोलतात कुठे ती?"

"मग मुखिया कोणाचा होणार? बगळ्यांचा?"

"टोमणे पुरे. आईची फार इच्छा होती गं."

"तिला मध्ये आणू नकोस. वाळूखाली काय आहे ते सांग."

"तपासणारे पास करून गेलेत."

"बुटांत आले होते ते, दाबिबी."

तो हसला. तरी मी पोरांना पाठवलं. म्हटलं, त्याच्याकडे बघू नका, त्याच्या आईकडे बघा.

मंत्र्यांना दुपारी सवड होती, म्हणून यानं मुहूर्त दुपारचा धरला. खाडीकाठचा माणूस आधी भरती बघतो, मग पाहुणे. हा शहरात राहून तेवढंही विसरला. त्या दुपारी पाणी पार लांब गेलेलं. होडी चिखलावरून ओढत न्यायची वेळ आली.

पांढऱ्याशुभ्र कपड्यांत टोकावर बसून दाबिबी ओरडला, "ओढा!"

दहा-बारा पावलांत त्यानंच पसरलेली वाळू फुटली. पोरं गुडघ्यापर्यंत रुतली आणि त्यांच्या पायांभोवती काळं तेल वर आलं. वास थेट पाहुण्यांच्या मांडवात. बँड थांबला.

"थांबू नका रे! पाणी जवळच आहे!"

माझ्या मुलानं, सोआलानं, काळा पाय वर धरला. "दादा, हे तुम्हीच साफ केलं होतं ना?"

"मग बोलू. ओढ आधी."

काठावरून कालववाली इबिसो खेकसली, "उतर की खाली, तूही ओढ! का आज बूट नाहीत?"

दाबिबीनं एकदा खाली पाहिलं. तेव्हा उतरला असता, तर पोरांनी होडी नेलीही असती. आमची माणसं तितकी भोळी आहेत. तो उतरला नाही. उपरण्याचं टोक तेवढं वर घेतलं.

सोआलानं दोर टाकला. मग बाकीच्यांनी. मंत्र्यांना दुसरा कार्यक्रम आठवला.

"आत्या! सांग ना त्यांना!"

"त्यांना कान आहेत. तूच सांग."

संध्याकाळी भरतीनं होडी उचलली. एवढी मोठी होडी एकट्याला थोडीच वल्हवता येते? ती तिवरांवर आपटत राहिली, आत हा एकटा.

हल्ली तो दुसऱ्यांच्या खाड्या साफ करतो. जोरात चाललंय म्हणतात. होडी इबिसोनं फोडली आणि माशांना धुरी द्यायला वापरली. लाकूड उत्तम निघालं. मासे मात्र शहरातून आलेले, बर्फातले.