पाण्यापर्यंतची वाट

तलावाच्या बांधावर मी रोज सकाळी फिरायला जाते. काठावर गळ टाकणारे चारपाचजण ठरलेल्या जागी बसलेले असतात. त्यांतले दामूकाका अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वर्षभर दिसले नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी, शांताकाकू, त्यांना घेऊन आल्या. पण बांधावरून पाण्याकडे जाणारा उतार घसरडा होता. काका वरच बसून राहिले.

"इथून गळ पोचत नाही," एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या जुन्या जागी आता रिक्षावाले इस्माईलभाई बसत. त्यांनी ते ऐकलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर उतारावर फावड्याने पायऱ्या खोदलेल्या आणि प्रत्येकीवर चपटा दगड बसवलेला.

"काका, या खाली. जागा तुमचीच आहे," म्हणत ते स्वतः पलीकडे सरकले.

काकू काकांचे दोन्ही हात धरून, पाठमोऱ्या, एकेक पायरी उतरल्या. पाणी काय, सगळ्यांचंच असतं, असं आपण सहज म्हणतो. पण काहींना तिथवर कुणीतरी न्यावं लागतं.

काकांचा उजवा हात अजून वळत नाही. घरात कधी मासा न शिजवलेल्या काकूंनी कणकेची गोळी केली आणि गळाला लावायला घेतली.

"टोचेल," काका म्हणाले.

"टोचू दे."

तासभर मासा लागला नाही. उठताना काकूंनीच विचारलं, "उद्या जरा लवकर येऊ या का?"