वाऱ्याविरुद्ध परत आलेला मचवा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. हे आधीच लिहून ठेवते... मासिकांत असे अनुभव छापून येतात, शेजारच्या मास्तरीणबाईंकडे मी ते वाचते. हा मात्र कुठं पाठवणार नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण कागदावर मला कोण गप्प करणार?

आमचं गाव खालापूरच्या खाली, पाताळगंगेच्या काठी. घरात कोळशाचा धंदा. पोती बैलगाडीनं आपट्याच्या बंदरावर जातात, तिथून मचव्यानं खाडीतून समुद्रकाठच्या गावांना. त्या पौषात हे निघाले तेव्हा मी म्हटलं, मलाही समुद्र बघायचाय.

“समुद्र काय बघायचा गं?” सासूबाई म्हणाल्या. “पानीच हाय ना ते? हिरीत बघ!”

तरी मी गेले. तीन वर्षांची माझी लेक सोनी त्यांच्यापाशी ठेवली.

कोळसा उतरवून परतताना गोडं पाणी भरायला मचवा चालवणाऱ्या तांडेलकाकांनी एका बेटाच्या आडोशाला तो थांबवला. शीड उतरवलं, नांगर टाकला. बेटावर वस्ती नाही. माड, एक विहीर, आणि अशी शांतता की मला माझाच श्वास ऐकू यावा. दुपार होती. काका मचव्यामागं बांधलेल्या छोट्या होडीत घागरी ठेवत होते, तेवढ्यात यांचं लक्ष नांगराच्या दोराकडे गेलं.

“एवढं ढिलं दावं? बैल असता तर कवाच पळाला असता!” असं म्हणत यांनी दोर ओढून आखूड केला, गाठ मारली. काकांची पाठ होती. मग दोघंही होडीतून बेटावर गेले. मी तांदूळ निवडत बसले.

मान वर केली, तर बेट लांब गेलेलं.

दोर ढिला ठेवतात तो भरतीसाठी, हे मला नंतर कळलं. पाणी चढलं, आखूड दोरानं नांगर उचलला गेला, आणि वारा मचव्याला काळ्या खडकांकडे ढकलू लागला. मी ओरडले. दोघं होडीत उड्या टाकून वल्ही मारू लागले, पण अंतर काही तुटेना. खडकांवरची कालवं मला दिसायला लागली. सोनीचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

आणि दोर ताणला गेला. खाली लोंबणारा दोर आडवा, पुढं, बेटाच्या दिशेनं! मचवा वळला आणि वाऱ्याच्या तोंडावर चालू लागला. शीड खाली... सुकाणूवर कोणी नाही. पुढून पाण्यावरून आवाज येत होता — च्च, च्च... बिचकलेल्या बैलाला धरून नेताना आमच्याकडे करतात, तसा. बाईचा की पुरुषाचा, सांगता येत नाही. दिसलं कोणीच नाही. आम्ही होडीच्या शेजारून गेलो. दोघांचे हात वल्ह्यांवर तसेच थांबलेले.

पहिल्या जागी आल्यावर दोर सैल पडला.

“काका, काय हुतं हो?” दोघं वर चढल्यावर मी विचारलं.

“इचारू नको, पोरी. भात लाव.”

घरी यांनी आईला सगळं सांगितलं, आणि सासूबाईंनी सोनीला पदराखाली घेतलं. “हिच्यासंगती कायतरी आलंय. भगत उतरवंल, मग घे पोरगी.”

सकाळी अंगणात भगत. लिंबू, धुरी, सगळं मांडलेलं. सोनी माझ्याकडे यायला रडत होती.

“बस गं,” सासूबाई म्हणाल्या.

“नाय बसत.”

“अगं, घटकाभराचं काम हाय,” हे हळूच म्हणाले. “बस ना.”

“तुमी बघितलंत ना होडीतून? मचवा वाऱ्याच्या उलट आला का नाय? सांगा सगळ्यांना. मग माझ्याच अंगात काय शोधताय?”

हे खाली बघतच म्हणाले, “आला. मीबी बघितला.”

“मग ह्यालाबी बसवायचा का?” भगतानं विचारलं. मी गेले आणि सासूबाईंच्या हातातून सोनीला घेतलं. कोणी अडवलं नाही.

भरती फिरली असेल, असं हे आता म्हणतात. काका म्हणतात, फिरली नव्हती. मला काहीच सांगता येत नाही. देव असेल, भूत असेल, आणखी काही असेल... जे होतं, त्यानं मला माझ्या पोरीकडे परत आणलं. त्याला उतरवायला मी का बसू?