पेढ्यांचा खवा

खवा भाजल्याचा वास आला की मी अजूनही खिडकी उघडते. मला सातवा महिना होता तेव्हा सासूबाई बाळंतपणासाठी आमच्याकडे द हेगला आल्या होत्या. तिथल्या एका संग्रहालयात अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीवरच्या हल्ल्याची हकीकत लावली होती. पळवून नेलेल्या भावंडांना सोडवायला बाप खंडणी म्हणून ब्लँकेटं घेऊन गेला, पण ती एकाच्याच सुटकेला पुरली. त्याने मुलगा आणला, मुलगी तिथेच राहिली. नवऱ्याने हे मराठीत सांगितलं. “बरोबरच केलं त्याने,” सासूबाई म्हणाल्या. नवरा चक्क हसला. त्याच संध्याकाळी त्यांनी पेढ्यांसाठी खवा भाजून फ्रीझरमध्ये ठेवला. मला मुलगी झाली, तेव्हा म्हणाल्या, “राहू दे तो, पुढच्या वेळी लागेल.” लेक आता सात वर्षांची आहे. पुढची वेळ मी येऊच दिली नाही.