मामांची बँक

उभ्या नवी मुंबईत एखाद्या इमारतीवर जीव जडलेला माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या बायकोचे मामा. राहायला नेरूळच्या फ्लॅटमध्ये, नोकरी आयुष्यभर न्हावा शेवाच्या बंदरात, पण बँकेतलं खातं मात्र उरणच्या बाजारपेठेत. ती बँक म्हणजे मिठागरांच्या भरभराटीत बांधलेली, काळ्या दगडाच्या उंच जोत्यावरची, सागवानी तुळयांची कौलारू इमारत. तिचं नाव वारसा यादीत आलं त्या दिवशी मामांनी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. भाचीला मुलगा झाला तेव्हा नुसता फोन केला होता. घरी पाहुणा आला की चहा संपायच्या आत त्याला कंटेनरच्या गर्दीतून उरणला न्यायचे. लग्न ठरल्यावर मलाही नेलं. गिऱ्हाइकं रांगेत, आणि आम्ही दोघं मधोमध माना वर करून उभे. "तुळई बघा, जावईबापू. एक तरी सांधा दिसतोय का?" मला दिसत होता, पण लग्न ठरलेलं होतं.

मध्यंतरी बँकेने दारात सिमेंटचा उतार करायचं ठरवलं, तेव्हा मामा पायरीवर ठाण मांडून बसले. शिपाई उठवायला आला, तर त्यालाच म्हणाले, "घडीव दगडाला सिमेंट फासायचं नाही. ज्याला चढवत नसेल त्याने खालून नमस्कार करावा." बेत बारगळला. मामा लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

पुढे मामींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. एकदा सहज म्हणाल्या, "तुमची बँक तेवढी दाखवा हो मला एकदा." तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की मामींनी ती कधी पाहिलीच नव्हती. पाहुणे उरणला जात, तेव्हा त्या मागे त्यांच्या जेवणाची तयारी करत असत. मामा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

मामींना उरणला घेऊन गेलो तेव्हा त्या खाली गाडीत आणि मामा मॅनेजरबाईंसमोर उभे. "काका, उतार तर तुम्हीच नको म्हणालात," त्या म्हणाल्या.

"चुकलंच माझं, मॅडम."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले, आणि मला फार वाईट वाटलं. शिपाई तिथलाच, उरणचा. म्हणाला, "थांबा काका, आमी फली टाकतो. दगराला काय नाय होनार." बाजारातल्या मासळीच्या टेम्पोची फळी त्याने पायऱ्यांवर टाकली आणि मामींची खुर्ची माशांच्या वासासकट वर चढली.

आत गारवा होता. मामींनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगा की, काय काय बघायचं असतं इथे?"

परक्या माणसांना तासन्‌तास सांगणारे मामा खुर्चीची मूठ धरून मागे उभे होते. मामींनी आपला चालता हात मागे नेऊन त्यांच्या हातावर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."