जेवणाआधीचा फवारा

आमच्या घरात वास येतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चोवीस तास मीच त्या वासात होते. पण ते नणंदेच्या तोंडून ऐकावं लागलं, याचा मला जास्त राग आला.

माझे सासरे, आमचे मामाजी, पावसाळा सरता सरता शेताच्या धुऱ्याच्या बांधावरून घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, पण पाय काही जमिनीला टेकला नाही. बोरी अरबच्या आमच्या घरात त्यांची खाट समोरच्या खोलीत टाकली. तिथून रस्ता दिसायचा, भेटायला येणाऱ्यांनाही बसायला जागा होती. माझं शिलाई मशीन त्यासाठी मागच्या खोलीत गेलं. ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायांना आता मामाजींच्या खाटेजवळूनच आत यावं लागायचं. लघवीचं भांडं, मलम, दमट गादी आणि अंगाला चोळायचं तेल मिळून जो वास व्हायचा, तो फिनाईलनं हटत नव्हता. दिवसातून दोनदा फरशी पुसायची, रोज चादर धुवायची. माझ्या नाकी नऊ आले होते.

दिवाळीला नणंद पांढरकवड्याहून आली. ओढणी नाकाला लावूनच बापाजवळ बसली, आणि पाच मिनिटांत स्वयंपाकघरात येऊन भावाला म्हणाली की बाबांच्या खोलीत बसवत नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे भावाला बोलून भावजयीला लागत होतं. माझे हे अंगणात निघून गेले. मी पुऱ्या तळताना दोन करपवल्या.

दुसऱ्याच आठवड्यात मी दारव्ह्याला गेले आणि रूम स्प्रेची बाटली घेऊन आले. पहिली गुलाबाची. फुसफुस मारली की दोन मिनिटं बरं वाटायचं, मग असं व्हायचं की गुलाबाच्या वाफ्यात कुणी लघवी करून गेलंय. मोगऱ्याची आणली, तर खोलीला नवरदेवाच्या गाडीसारखा वास यायला लागला. लिंबाची त्यातल्या त्यात बरी निघाली. वास जायचा नाही, फक्त त्याच्यावर पांघरूण पडायचं. हे मला कळत होतं, तरी बाटली संपली की मी नवीन आणायची. माझंच मला हसू यायचं आणि चीडही यायची.

सगळ्यात जास्त मारायची ती जेवणाच्या वेळी. ताट घेऊन त्या खोलीत शिरताना मला मळमळायचं. म्हणून आधी जाऊन खाटेभोवती फवारा मारायचा, मग ताट न्यायचं. मला वाटायचं, त्यांनाही जेवताना बरं वाटत असेल.

आणि नेमके तेव्हापासूनच मामाजी जेवेनासे झाले.

एका दिवसाआड हे त्यांना खुर्चीवर बसवून अंगणात न्यायचे आणि गरम पाण्यानं आंघोळ घालायचे. त्या दिवशी दोन भाकरी जायच्या. खोलीला साबणाचा वास असायचा, फवाऱ्याची गरज पडायची नाही. आंघोळ नसेल त्या दिवशी मात्र ताटातली भाकर तुकडासुद्धा न मोडता परत यायची. विचारलं की भूक नाही म्हणायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. आंघोळीनं भूक लागते, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. डॉक्टरांनी भूक लागायचं औषध दिलं, तेही मुकाट्यानं घ्यायचे. जेवण मात्र नाही.

माणूस दिसामाशी वाळत चालला. मनगटातला काळा दोरा सैल पडून कोपरापर्यंत जायला लागला. नणंद रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, बाबा जेवले का. मी खोटं बोलायची, हो म्हणायची. पुढच्या वेळी आली तेव्हा तिनं बापाचे हात पाहिले आणि मला विचारलं की तुम्ही त्यांना देता तरी काय खायला. विचारलं साधंच, पण मला गावातलं पुढचं बोलणं ऐकू आलं. सुनेनं सासऱ्याला उपाशी मारलं. चार महिने मी ज्या माणसाचं हगणंमुतणं काढलं, त्याच्यावरून हे ऐकायचं, या विचारानं माझा रात्रभर डोळा लागला नाही.

तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी शेंगांचे हिरवे सोले काढून आमटी केली, मामाजींची आवडती. ज्वारीची गरम भाकर, कांदा, लोणचं. आधी फवारा मारला, मग ताट नेलं. त्यांनी ताटाकडं पाहिलं, आवंढा गिळला आणि ताट हातानं हळूच बाजूला सारलं.

आवंढा गिळलेला मी पाहिला होता. म्हणजे भूक होती. माझा तोल गेला.

"माह्या हातचं जेवाचं नसन तं तसं सांगा, मामाजी."

ते घाबरल्यासारखे झाले. सासऱ्याशी मी कधी अशी बोलले नव्हते. छताकडे पाहत म्हणाले, "तसं नाही, बाई. फवारा मारल्यावर आंग धुतल्याबिगर घासाले हात लावू नये. ते वासाचं औषध व्हय, समजते मले. पण हात जात नाही."

चाळीस वर्षं त्या माणसानं पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीवर किडीचं औषध फवारलं होतं. फवारणीच्या दिवशी घरी आले की अंगणातच कपडे काढायचे, साबणानं दोनदा आंघोळ करायची, तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. एका वर्षी तशाच हातानं भाकर खाऊन ते तीन दिवस दवाखान्यात पडले होते, तेव्हापासूनचा हा नियम. आणि त्या आंघोळीचं पाणी अठरा वर्षं मीच तापवत आले होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"वास माहाच आहे," ते म्हणाले. "मारू नको म्हणून तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

मला रडू आलं नाही. संताप आला. त्यांचा, माझा, त्या लिंबाच्या बाटलीचा, सगळ्यात आधी ओढणी नाकाला लावणाऱ्या त्यांच्या लेकीचा. एवढी भूक पोटात दाबून पडून राहायचं, कशासाठी? तर सुनेला घाण सहन करावी लागू नये म्हणून.

ताट झाकून ठेवलं. घमेल्यात गरम पाणी आणलं, त्यांचे हात, तोंड, मान, पाय पुसले, सदरा बदलला, दार उघडं टाकलं. आमटी पुन्हा गरम केली. आज आपणही इथेच जेवायचं, असं ठरवून माझं ताटही घेऊन आले आणि खाटेजवळ बसले.

मामाजी जेवायला लागले. भाकर कुस्करून, बोटं चाटून, मान वर न करता. मी पहिला घास तोंडात घातला. वास होताच, उघड्या दारानंही तो गेला नव्हता. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना.

त्यांचा हात थांबला. माझ्या ताटाकडं एकदा पाहिलं आणि नजर लगेच वळवली.

"तू आत जाऊन जेव, बाई," ते म्हणाले. "माह्यासाठी नको बसू. मी जेवतो."

नाही म्हणायला हवं होतं. मी ताट उचललं आणि मागच्या खोलीत गेले. मला कडकडून भूक लागली होती. मशीनजवळ बसून मी पोटभर जेवले.