चौथा भाग सांगलीत राहिला

वर्षअखेर आली की ओळखीची माणसं मोबाईलवर याद्या टाकायला लागतात. 'यंदा वाचलेली माझी आवडती दहा पुस्तकं.' खाली पुस्तकांचा फोटो, शेजारी कॉफीचा मग. परवा मैत्रिणीनं मला विचारलं, "गेल्या दोन वर्षांत तू काय काय वाचलंस गं? टाक की यादी!"

टाकणार काय, कपाळ! आमच्या पुस्तकांना कव्हर नसतं, त्यामुळे नावही नसतं. लेखक कोण, देव जाणे. आणि पहिल्या नंबरच्या पुस्तकाचा शेवट तर आमच्यापैकी एकालाही माहीत नाही! त्यामुळे आमची यादी होत नाही, किस्से होतात. आणि किस्से म्हणजे घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक ओढली की तिच्यातून चार बाहेर येतात.

आम्ही म्हणजे वडूजहून साताऱ्याच्या एमआयडीसीत जाणारी कंपनीची बस. सकाळी सव्वासहाला सुटते. दीड तास जायला, दीड तास यायला. मी क्वालिटीत आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते.

*

सुरुवात भांडणातून झाली. बसमध्ये जो तो मोबाईलवर रील्स लावायचा, तेही आवाज मोठा करून. एके दिवशी आमचे ड्रायव्हर भगवानराव यांनी गाडी थांबवली आणि मागं वळून म्हणाले, "एका मांडवात चार तमाशे न्हाई चालायचं. गप बसा, न्हाईतर खाली उतरा!"

गप बसून करायचं काय? तेव्हा पाटील साहेबांनी पुस्तक आणलं. हे आमचे प्रॉडक्शनचे सुपरवायझर. मूळचे सांगलीचे, बायको वडूजच्या शाळेत शिक्षिका म्हणून बिऱ्हाड वडूजला. दर शनिवारी कामावरून सुटले की आईला भेटायला सांगलीला जातात. तिथल्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड कादंबरी किलोवर आणली.

पुस्तक एक आणि वाचणारे चार. पाटील साहेब, मी, गेटवर सिक्युरिटीला असणारे, फौजेतून रिटायर झालेले हवालदार, आणि सीएनसी मशीनवरचा संपत. संपतच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मशीनला हात लावणारा हा पहिलाच. त्यानंच तोड काढली. "आवं मॅडम, यात काय इचार करायचा? जॉब एक, मशिनी चार. पार्ट करा!"

दुसऱ्या दिवशी तो हॅकसॉ ब्लेड घेऊन आला. मी ओरडले, "अरे, पुस्तक फाडतोस?"

"फाडत न्हाई, शिवणीवर उसवतोय. शेवटाला असेंब्ली करू."

मला भयंकर राग आला. पण चार तुकडे नीट झालेले बघितल्यावर मी पर्समधून स्टिकर काढले आणि 'भाग १' ते 'भाग ४' असे लिहून प्रत्येकावर हिरवा 'ओके' चिकटवला. सवय, दुसरं काय!

नियम ठरले. दर सोमवारी भाग बदलायचे. आणि भाग बसच्या बाहेर न्यायचा नाही. उतरताना फर्स्ट एडच्या पेटीत ठेवायचा. त्या पेटीत तसंही औषध कधी नव्हतंच.

रद्दीवाल्याचं दुकान हळदीच्या गोदामाला चिकटून आहे. त्यामुळे आमचं सगळं साहित्य पिवळं! पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझी बोटं बघून विचारलं, "आज कुणाच्या हळदीला गेली होतीस?"

*

या पद्धतीत एक छोटीशी अडचण होती. चौघांपैकी तिघं पुस्तक मधूनच सुरू करायचे.

पहिलंच पुस्तक निघालं खुनाचं. हवालदारांच्या वाट्याला चौथा भाग आला. म्हणजे सोमवारी सकाळी, वाटेतलं पुसेगाव यायच्या आत, त्यांना खुनी समजला. एक कंपाउंडर. आठवडाभर ते आमच्याकडं 'बिचारी पोरं' अशा नजरेनं बघत होते.

पुढच्या सोमवारी त्यांना पहिला भाग मिळाला. तिसऱ्या पानावर तो कंपाउंडर औषधांची बॅग घेऊन बंगल्यात शिरतो. हवालदार सीटवरून उठून ओरडले, "आरं, आत घेऊ नका त्याला! बॅग चेक करा आदी!"

आमच्या तिघांचे तीन आठवडे मातीत गेले. संपत चिडला, तर हवालदार त्याच्यावरच डाफरले, "गप रं गड्या! एवढा मोठा बंगला, अन्‌ गेटवर एक मानूस न्हाई! मी असतो तर तिसऱ्या पानावर पुस्तक बंद पाडलं असतं!"

*

भगवानरावांना वाचता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण गाडी चालवताना कसं वाचणार? म्हणून आम्ही जे वाचू ते थोडक्यात त्यांना सांगायचो. त्यांची अट एकच, "एंड सांगायचा न्हाई. एंड मी इचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं न्हाई."

एका कादंबरीत एक नर्स होती. संपतनं तिसऱ्या भागातून तिचं लग्न लावून दिलं. भगवानराव खूश! त्या दिवशी गाडीसुद्धा खड्डे चुकवत नेली. आठवड्यानं माझ्याकडं दुसरा भाग आला. मी सांगितलं, "भगवानराव, त्या नर्सची सोयरीक मोडली हो."

त्यांनी करकचून ब्रेक मारला. गाडी एका चिंचेखाली उभी केली आणि हाताची घडी घालून बसले. "गेल्या सोमवारी तिचं लगीन झालं, मी मनातनं आहेर बी केला. आन आज म्हंता सोयरीक मोडली? आदी काय आन मागनं काय, ते बसून ठरवा. मंग गाडी हलंल."

आम्ही तिथं बसून त्या बाईचं आयुष्य ओळीनं लावलं. कंपनीत पोचायला उशीर झाला. रजिस्टरात कारण लिहावं लागतं. पाटील साहेबांनी गडबडीत खरं तेच लिहिलं, 'लग्नातील अडचणीमुळे.'

दुपारी एचआरनं बोलावून विचारलं, "लग्न कुणाचं?"

*

मध्यंतरी पाटील साहेबांनी यशस्वी कसं व्हावं याचं एक पुस्तक आणलं. आमचं नियमाप्रमाणे फिरवणं झालं. हवालदार म्हणाले, "भारी हाय." संपत म्हणाला, "लय इन्स्पिरेशन हाय." मी प्रत्येक भाग तपासून पुढं सोडला. चार आठवड्यांनी असेंब्ली झाली, दोऱ्यानं शिवलं, आणि पाटील साहेबांनी ते मोठ्या मॅनेजरना वाढदिवसाला भेट दिलं. त्यांनी वाचलं, मीटिंगमध्ये त्यातली वाक्यं फेकली, टाळ्या घेतल्या.

महिन्याभरानं कॅन्टीनमध्ये चहाच्या थर्मासखाली त्याच पुस्तकाचा दुसरा भाग सापडला. माझा 'ओके'चा हिरवा स्टिकर तसाच!

बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच असं झालं. चौथाई जॉब गायब, आणि कस्टमरची तक्रार शून्य.

*

एकदा कवितांचं पुस्तक आलं. उन्हाळ्यावरची एक लांबलचक कविता होती, तीत भर दुपारी मेंढरांचा कळप माळावरून चाललाय. संपतनं ती वाचली आणि पुस्तक मिटलं. "रिजेक्ट! ह्या मानसानं मेंढरू बघितलेलं न्हाई. भर उन्हाची मेंढरं चालत न्हाईत, मॅडम. एकमेकाच्या पोटाखाली मुंडी घालून उभी ऱ्हात्यात."

मीही मान डोलावली. शहरात पंख्याखाली बसून लिहिलं की असंच होणार!

पण दुसऱ्या दिवशी पेटीत तो भाग नव्हता. नियम मोडून संपत घरी घेऊन गेला होता. म्हाताऱ्या वडिलांना वाचून दाखवायला, कवीची चूक दाखवून द्यायला. मी विचारलं, "मग? हसले का वडील?"

संपत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "न्हाई. म्हनले, मेंढरातलं ह्याला काय बी कळत न्हाई. पन तहान कळलीया. परत वाच."

"मग?"

"तीन बार वाचली."

मला त्या म्हाताऱ्यापुढं स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी फक्त चुकाच शोधत आले आहे. तो भाग मी गुपचूप पेटीत ठेवला आणि संपतला काही बोलले नाही.

*

आता पहिल्या नंबरचं पुस्तक. त्याला आम्ही 'आंब्याचं' म्हणतो. दोन भाऊ, बांधावर एक आंबा, आणि त्या आंब्यापायी धरलेला अबोला. दोघं म्हातारे होत आले तरी बोलत नाहीत. पहिले तीन भाग आम्ही फिरवून वाचले.

चौथा भाग पहिल्याच आठवड्यात पाटील साहेबांकडं होता. तेव्हा कंपनीत ऑडिट चालू होतं, साहेब बसमध्ये घोरायचे. शनिवारी भाग तसाच राहिला, म्हणून नियम मोडून पिशवीत घालून सांगलीला घेऊन गेले. सोमवारी हात हलवत परत!

"राहिला कुठंतरी," ते म्हणाले.

"किती वाचला होता?" भगवानरावांनी विचारलं. एंड नको म्हणणारा माणूस हा!

"तीन पानं. तोवर तरी दोघं बोलले नव्हते."

सगळ्यात जास्त लागलं ते हवालदारांना. दर सोमवारी पाटील साहेब बसमध्ये चढले की पहिला प्रश्न, "साहेब, चौथा?" साहेब नाही म्हणून मान हलवायचे आणि हवालदार पेटीतून पुन्हा पहिला भाग काढून बसायचे.

का, ते आम्हा वडूजकरांना ठाऊक होतं, पण बसमध्ये कुणी बोलायचं नाही. हवालदार बॉर्डरवर असताना त्यांचे वडील गेले. रजा मिळाली, मिळेल त्या गाडीनं ते निघाले. घरी पोचले तेव्हा थोरल्या भावानं अग्नी देऊन दोन तास झाले होते. "दोन तास थांबला न्हाई," एवढंच ते बोलले. त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर भावाचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. भाऊ पुढं गाव सोडून सांगलीला गेला आणि गुळाच्या धंद्यात पडला.

गेल्या महिन्यात हवालदारांची गेटवरची नोकरी संपत आली. पुढच्या सोमवारी शेवटची ड्यूटी. ते नुसतं म्हणाले, "बाकी काय न्हाई. चौथा वाचायचा ऱ्हायला."

संपतला राहवलं नाही. मशीन बिघडल्यावर विचारतात तसं त्यानं पाटील साहेबांना धरलं, "साहेब, नीट आठवा. त्या शनवारी सांगलीत उतरल्यापासनं कुठं कुठं गेलता?"

साहेबांनी डोळे मिटून आठवलं. "स्टँडवर उतरलो. मार्केट यार्डात गेलो, गूळ घेतला. मग घरी. हां, गुळाच्या दुकानात पिशवी काट्याशेजारी ठेवली होती खरी. पण त्यानं सांगितलं असतं हो. दुकानदार आपल्या भागातलाच आहे, वडूजकडचा, म्हणून तर मी त्याच्याकडं जातो. मोठा चौकस माणूस. दर वेळी विचारतो, तुमच्या बसला कोण कोण असतं? हवालदार कसे आहेत? गुडघा दुखायचा राहिला का त्यांचा?" मग हवालदारांकडं वळून म्हणाले, "तुमच्या ओळखीचा आहे का हो?"

पाटील साहेब सांगलीचे. वडूजच्या गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या. हवालदार खिडकीकडं तोंड करून बसले. त्यांच्या हातात पहिला भाग होता, त्याची पानं त्यांनी सातारा येईपर्यंत उलटली नाहीत.

रविवारी त्यांच्या घराला कुलूप होतं.

सोमवारी ते आले. शेवटचा दिवस म्हणून कडक इस्त्री, बूट चकचकीत. हातात गुळाची अख्खी भेली! ती त्यांनी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवली, संपतच्या ब्लेडनं तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. सगळे गूळ चघळत बसलो. विचारायची कुणाची टाप नव्हती.

शेवटी भगवानरावांनीच गाडी बाजूला घेतली. त्याच चिंचेखाली. "हवालदार, चौथा गावला का?"

"गावला."

"मंग काढा की भाईर!"

"दिला न्हाई त्यानं."

"दिला न्हाई? म्हंजे?"

हवालदारांनी गुळाचे हात रुमालाला पुसले. "चार बार वाचलाय म्हनं त्यानं. मी मागितला तर म्हनला, 'मला आदीचं काय ठावं न्हाई. एक ते तीन घिऊन ये. मंग दितो.'"

नियम असा आहे की भाग बसच्या बाहेर न्यायचा नाही. मी उठले, फर्स्ट एडची पेटी उघडली आणि तिन्ही भाग काढून हवालदारांच्या पिशवीत घातले.